ढेकळाची साक्ष

गावाची शीव आता कागदावर असते. नकाशा उघडला, बोट ठेवलं, झालं. माळबोरीत जुन्या काळी ती माणसाच्या पायात असायची. दोन गावांचं भांडण लागलं की शीव ठाऊक असलेला माणूस पुढं करत. त्याच्या डोक्यावर गावच्या मातीचं ढेकूळ ठेवत आणि तो चालत सुटे. तो चालेल ती शीव. या चालण्याचा एक नियम होता. ढेकूळ डोक्यावर असेपर्यंत तोंड उघडायचं नाही. साप आडवा गेला तरी नाही. एक शब्द निघाला की साक्ष मोडली, आणि मोडलेली साक्ष पुन्हा घेता येत नसे.

हे काम नागनाथच्या घराण्याकडं होतं. त्याचा बाप दोनदा चालला होता. शेजारच्या गावाशी गायरानावरून वाद झाला तेव्हा नागनाथ स्वतः एकदा चालला होता. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. शीव राखायची, मेलेलं ढोर ओढायचं, सांगावे घेऊन पळायचं, ही सगळी कामं वस्तीच्या वाट्याची. छप्पन साली वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ही कामं टाकली. त्या दिवशी नागनाथ बायकोला, मालनबाईला, म्हणाला होता, "आता ह्या डोक्यावर गावाचं ढेकूळ चढणार न्हाई." गावानं पुढं वर्षभर वस्तीला मजुरी दिली नाही, गिरणीत दळण घेतलं नाही. तरी तो शब्द टिकला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला.

माळबोरी हे राणीसावरगावच्या अलीकडचं गाव. गावाला लागून नाला. नाल्याच्या अलीकडं गाव, चावडी आणि विहीर. पलीकडं बौद्ध वस्ती. वस्तीच्या पुढं पडीक रान, मग मुरमाचं टेकाड आणि टेकाड उतरलं की तीन पळस. खरी शीव त्या पळसांवरून जायची. म्हणजे वस्ती गावातच, पडीक रान गावातच आणि टेकाडही गावातच. नागनाथला हे पाठ होतं. मोजणीचे सरकारी दगड एके काळी होते, पण लोकांनी ते उपटून घराच्या पायऱ्यांना लावले. त्यातला एक व्यंकटराव पाटलांच्या उंबऱ्याखाली होता आणि त्यावर रोज रांगोळी पडायची.

त्या उन्हाळ्यात पाऊस विसरून लोकांना दोन वर्षं झाली होती. सरकारनं गावाजवळ पाझर तलावाचं काम काढलं होतं. विहिरीच्या तळाला हिरवा गाळ राहिला होता, म्हणून एक दिवसाआड टँकर चावडीपुढं यायचा. पाणी वाटायचं काम बन्सीधर दुकानदाराकडं होतं. आधी गावातल्या घागरी भरायच्या. मग वस्तीतल्या बायका घागरी ठेवून मागं सरकायच्या आणि बन्सीधर नळीचं तोंड उंच धरून लांबूनच पाणी सोडायचा. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. बऱ्याचदा त्यांची पाळी येईपर्यंत टँकर रिकामा झालेला असायचा.

होळीच्या सुमारास पडीक रानात पालं पडली. ती माणसं पालमूरकडची होती, तेलुगू बोलणारी. कालव्याच्या खोदाईवर आली होती. ते काम बंद पडलं, तेव्हा तलावाचं काम चालू आहे असं ऐकून इकडं चालत आली. त्यांचा म्होरक्या सायन्ना, त्याची बायको नरसव्वा, तिच्या अंगावर पिणारं पोर, आणि मागं तीसभर माणसं.

गावात मात्र आकडा वाढत गेला. पहिल्या दिवशी तीस होते. बाजाराच्या दिवशी शंभर झाले. पाडवा उलटला तेव्हा बन्सीधरच्या दुकानापुढं दोनशे तेलंगे घुसल्याची चर्चा होती. मोजायला कुणी गेलं नव्हतं.

"भाषा ऐकली का त्यांची? मडक्यात खडे घालून हलवल्यावानी."

"मांजरं खातेत म्हणं."

"तरीच! आमची मांजर दिसंना झालीय."

"तुमची मांजर दिवाळीलाच मेली की हो. मीच तर टाकून आलो."

"मेली ती मेली. पर असती तर ह्यांनी सोडली असती का?"

सगळे हसले, आणि हसता हसता माना हलवल्या. मांजर दिवाळीला मेली होती हे सगळ्यांना माहीत होतं, तरी चार दिवसांनी तेलंग्यांनी मांजर खाल्ली हेच गावात राहिलं. भीतीला पुरावा लागत नाही. तिला फक्त तोंड लागतं.

व्यंकटराव पाटील शिकायला हैदराबादेत राहिलेले. त्यांना तेलुगूही थोडं समजायचं. त्यांच्या तरुणपणी परभणी आणि पालमूर एकाच राज्यात होतं, एकाच निजामाच्या शिक्क्याखाली. सतरा वर्षांपूर्वी राज्यांच्या नव्या रेघा पडल्या आणि तिकडचा माणूस परमुलखातला झाला. पण दुकानापुढं बसल्यावर पाटील हे काही बोलत नसत. ते एवढंच म्हणत, "आज पाणी मागतील, उद्या रानात नांगर घालतील."

पाणी मात्र त्या लोकांनी कुणाला मागितलं नव्हतं. वस्तीच्या वरच्या अंगाला नाल्याचं वळण होतं. तिथं कोरड्या वाळूत त्यांनी पुरुषभर खोल झिरा खणला. वाळू ढासळू नये म्हणून निरगुडीच्या फोका विणून आतून कूड लावला. नरसव्वा रोज सकाळी आत उतरून गाळ खरवडायची आणि मग करवंटीनं पाणी भरायची. पाणी थोडं, पण नितळ.

मालनबाई तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा बिचकत गेली. घागर ठेवली आणि सवयीनं मागं सरकली. नरसव्वानं तिच्याकडं बघितलं, हातानंच जवळ ये म्हणाली, आणि घागरीच्या काठाला करवंटी टेकवून पाणी ओतलं. एक थेंब खाली सांडला नाही. मालनबाई घरी आली, घागर उतरवली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली.

त्यानंतर सगळी वस्ती तिथलं पाणी प्यायला लागली. प्यायला लागली आणि कुरकुरायलाही लागली. नागनाथचा मुलगा पंडित तलावावर खोदाईला जायचा. एके दिवशी तो जेवताना म्हणाला, "काल आलेल्या लोकांपुढं आपण घागर घेऊन हुबं ऱ्हायचं का?"

"गावापुढं हुबं ऱ्हातूस तवा काय वाटत न्हाई?" मालनबाई म्हणाली.

"गाव आपलं हाय."

"कवापासनं?"

पंडितनं भाकरीचा तुकडा मोडला. "तू कामावर येऊन बघ. ते दिवसाला दोन खड्डे खोदायलेत. आमचा एक व्हत न्हाई. आमी आळशी दिसायलोत त्यांच्यामुळं."

नागनाथ हात धुऊन उठला. पण पोराचं बोलणं त्याच्या मनात कुठंतरी बसलं. आयुष्यभर तो गावाच्या पायरीशी उभा राहिला होता. आपल्याही खालच्या पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलंय, हे त्याला नव्यानंच जाणवत होतं. ही जाणीव चांगली नव्हती, पण गोड होती.

चैत्रात नरसव्वाचं पोर उन्हाच्या झळीनं गेलं. सकाळी ताप होता, दुपारी फिट आली आणि चार वाजता संपलं. सायन्ना पोराला फडक्यात घेऊन वस्तीत आला. त्याला मराठी येत नव्हतं, पण दखनी येत होती, आणि नागनाथच्या पिढीला ती निजामाच्या काळापासून अवगत होती.

"चाचा, कहाँ रखूँ? तुमारा गाँव है. पूछे बगैर कैसा रखूँ?"

नागनाथ त्याला टेकाडावर घेऊन गेला. मुरूम कठीण होता. खड्डा खणायला दोघांनाही घाम फुटला. माती लोटल्यावर सायन्नानं नाल्यातून एक काळा दगड खांद्यावर वाहून आणला. पाटासारखा सपाट, हातभर लांब. तो त्यानं पोराच्या डोक्याशी उभा रोवला.

"इधर नांगर तो नै चलते ना?"

"नै चलते."

"कोई उखाडेगा तो नै?"

"मैं हूँ ना," नागनाथ म्हणाला. "कोई हात नै लगाता."

नरसव्वा रोज झिऱ्यावरून येताना करवंटीभर पाणी त्या दगडावर ओतायची. दुष्काळात असं पाणी ओतणं गावाला दिसलं, आणि बन्सीधरच्या दुकानापुढं आणखी एक विषय झाला. "जादूटोणा करायलेत. म्हणूनच ढग फिरकत न्हाईत."

मग तलावावर साहेब आले. नायब तहसीलदार होते, जीपमधून आले होते आणि घाईत होते. सायन्नानं त्यांचे पाय धरले आणि हजेरीपटावर पक्कं काम मागितलं, पाणी मागितलं. साहेबांनी पाटलांना बोलावून घेतलं.

"गावच्या हद्दीत जो राहतो त्याला काम द्यायचं आणि टँकरचं पाणीही द्यायचं. मग तो कुठला का असेना. वरचा तसा हुकूम आहे. हे लोक हद्दीत आहेत की बाहेर?"

"बाहेर, साहेब," पाटील म्हणाले.

"नकाशा?"

"तालुक्याला हाय. जुना झालाय, घडी उघडली की फाटतो म्हणे."

साहेब वैतागले. "मग गावातला माहितगार माणूस उभा करा. त्यानं हद्द दाखवावी, मी पंचनामा करतो. परवा सकाळी येतो."

त्याच संध्याकाळी व्यंकटराव पाटील वस्तीत आले. बरोबर बन्सीधर होता. वस्तीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. पाटील सरळ नागनाथच्या घरापाशी आले आणि बाहेर टाकलेल्या बाजेवर बसले.

"रामराम, नागनाथराव."

नागनाथला आजवर त्यांनी नागन्या म्हटलं होतं. मागं लावलेला हा 'राव' त्याच्या कानात शिरला आणि तिथंच राहिला.

"जयभीम, पाटील," तो म्हणाला.

"जयभीम, जयभीम. वाईच पाणी देता का? घसा लय कोरडा पडलाय."

मालनबाईनं आतून तांब्या आणला. नागनाथनं तो पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी तांब्या तोंडाला लावला. घोट घेतला, आणखी एक घेतला. वस्ती बघत राहिली. बन्सीधरनं मात्र मान दुसरीकडं फिरवली होती.

"गोड हाय हो पाणी."

"नरसव्वाच्या झिऱ्याचं हाय," मालनबाई दारातून म्हणाली.

पाटलांनी तांब्या खाली ठेवला. मग मिशी पुसून हसले. "पाण्याला कुठं जात असती!"

मग ते कामाचं बोलले. शीव नाल्यावरून आहे असं दाखवायचं. नाल्याच्या काठाकाठानं चालायचं, बास.

"पर शीव पळसावरनं हाय," नागनाथ म्हणाला. "मी चाललोय तिच्यावरनं."

"आमाला ठाव हाय की. पर पळसावरनं दाखवली तर तेलंगे आत आले. आन एकदा आत आले की जात नसतेत. ह्या वर्सी तीस हायेत, पुढल्या वर्सी गाव त्यांचं."

"नाल्यावरनं दाखवली तर वस्ती भायेर जाती, पाटील."

बन्सीधर मोठ्यानं हसला. "खुळं का काय! अवो, शीव तेलंग्यांसाठी हाय, तुमच्यासाठी कामून? तुमी गावातलेच की."

"वस्तीच्या आन पालांच्या मधून जाती असं दाखवू का?"

"मधी खूण काय हाय? बोडकं रान," पाटील म्हणाले. "सायबाला पटायला नाला पायजे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "नागनाथराव, तुमी गावापासनं फटकून ऱ्हायलात. आमीबी चुकलो असू. पर वेळ आली की आपलं कोण आन परकं कोण, ते कळतंय. परवापासनं टँकर नाला वलांडून वस्तीत येईल. तुमच्या दारात. बन्सीधर, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"आन नळी वर धरायची न्हाई."

ते गेल्यावर वस्ती नागनाथभोवती जमली. कुणी म्हणालं टँकर दारात येतोय, आणि काय पाहिजे. कुणी म्हणालं पाटील पाणी प्याले, हे आपल्या बापजाद्यांनी बघितलं नव्हतं. पंडितचे डोळे चमकत होते. सगळे पांगल्यावर मालनबाई म्हणाली, "ढेकूळ चढणार न्हाई म्हणला होता."

"हे तसलं न्हाई. त्यांनी हुकूम सोडला न्हाई. इचारायला आले."

"सायन्नाबी इचारायलाच आला हुता. पोरगं कुठं ठिवू म्हणून."

"त्यांना त्यांचा मुलूख हाय, मालन. आपल्याला हेच गाव हाय."

"आन ह्या घागरीतलं पाणी कुणाचं हाय?"

नागनाथनं घागरीकडं बघितलं नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. टँकर दारात येण्यासाठी त्यानं कदाचित एवढं केलंही नसतं. पण 'आपलं' हा शब्द त्यानं साठ वर्षं बाहेर उभं राहून ऐकला होता. आज तो शब्द त्याच्या बाजेवर येऊन बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप आली. सगळं गाव नाल्याच्या अलीकडं आणि सगळी वस्ती पलीकडं जमली. पाटलांनी वेशीतलं एक ढेकूळ मागवलं. नागनाथच्या बापाच्या वेळी ते वरून टाकत, शिवायला नको म्हणून. आज पाटलांनी स्वतःच्या हातानं नागनाथच्या पटक्याचा पीळ सारखा केला आणि ढेकूळ अलगद ठेवलं.

"साहेब, आता हा बोलणार न्हाई," पाटलांनी समजावून सांगितलं. "बोलला की साक्ष मोडली. मग पुन्हा कुणालाच शीव दाखवता येत न्हाई."

"चालू द्या," साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले.

नागनाथ नाल्यात उतरला, पलीकडच्या काठावर चढला, आणि पळसांकडं न जाता काठाकाठानं वळला. त्याचे पाय घुटमळले, कारण ते या वाटेनं कधी चालले नव्हते. सायन्ना आणि त्याची माणसं पालांपुढं उभी होती. आधी त्यांना काही कळलं नाही. नागनाथ त्यांना मागं टाकून नाल्याला धरून निघाला, आणि मग कळलं.

चालणं वळणापर्यंत आलं तेव्हा साहेब म्हणाले, "खूण म्हणून एक दगड रोवा. सपाट बघा, चुना लावता आला पाहिजे."

बन्सीधरनं दोघांना पिटाळलं. ते इकडंतिकडं बघत टेकाडावर चढले आणि काळा दगड उपटून घेऊन आले. त्यांच्या मागून नरसव्वा धावत आली. तिनं दगडाचं एक टोक धरलं होतं आणि ती ओढत होती. ती तिच्या भाषेत ओरडत होती. काय ओरडतेय हे गावात एकट्या पाटलांना समजत होतं. ते लांब बघत राहिले. गावातली पोरं तिची नक्कल करायला लागली, मडक्यात खडे वाजवल्यासारखी. बायाही पदर तोंडाला लावून हसल्या.

दगड धरलेल्या एकानं तिच्या बोटांवर बुक्की मारली. ती खाली बसली.

सायन्ना नागनाथच्या वाटेत येऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"चाचा, तुमकू मालूम है वो पत्थर किसका है. तुमे बोले थे, मैं हूँ ना. बोलो चाचा. एक बात बोलो."

नागनाथ थांबला. सगळ्या गावाचं लक्ष त्याच्या ओठांकडं लागलं. एक शब्द पुरे होता. तो शब्द कुठलाही चालला असता, नुसती हाक चालली असती. साक्ष मोडली असती, शीव जिथं होती तिथं राहिली असती, दगड जिथं होता तिथं परत गेला असता. आणि टँकर चावडीपाशी राहिला असता.

"बोलायला लावू नका त्याला!" पाटील मागून ओरडले. "नागनाथराव, चला. सारं गाव तुमच्याकडं बघायलंय."

घामानं ढेकूळ विरघळायला लागलं होतं. माती कपाळावरून उतरून डोळ्यात गेली. नागनाथनं डोळा पुसला नाही. सायन्नाला वळसा घातला आणि तो पुढं चालत गेला.

शेवटाला पाटलांनी ढेकूळ उतरवलं. साहेबांनी नागनाथला विचारलं, "हीच हद्द?"

"व्हय, साहेब."

साहेबांनी सही केली. दगड नाल्याच्या पलीकडच्या काठावर, वस्तीच्या वाटेच्या तोंडाशीच रोवला गेला आणि त्याला चुना फासला गेला.

दुपारपर्यंत पालं उठवली. गावातल्या तरण्या पोरांना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी नरसव्वाची मडकी ओळीनं मांडली आणि दगडानं फोडण्याची पैज लावली. प्रत्येक मडक्याला आरोळी उठत होती. दोन पालं पेटवून दिली. सायन्नाची माणसं डोक्यावर कुदळी-टोपल्या घेऊन टेकाड चढली आणि पळसांच्या पलीकडं उतरली. नरसव्वा टेकाडावर वाकून जमीन चाचपत होती. दगड नसल्यामुळं तिला जागा नेमकी सापडत नव्हती. शेवटी सायन्नानं तिला दंडाला धरून नेलं. वस्तीतली माणसं दारातून बघत होती. ते दिसेनासे झाल्यावर काहीजण गेले आणि पालांचे उरलेले बांबू उचलून घेऊन आले. त्यात पंडितही होता.

टँकर दुसऱ्या दिवशी खरंच नाला ओलांडून वस्तीत आला. बन्सीधरनं नळी खाली धरली. नागनाथच्या घागरी आधी भरल्या. नंतरच्या खेपेलाही आला. लोक नागनाथला वाट द्यायला लागले होते.

इकडं झिऱ्याची देखभाल कुणी केली नाही. वस्ती म्हणाली, आता टँकर येतोय. गावातल्या चारपाच घरांनी झिरा आमचा म्हणून भांडण काढलं. त्या ओढाताणीत कूड मोडला आणि वाळू आत कोसळली. आठवडाभरात तिथं नुसता खळगा उरला.

त्याच्या पुढच्या खेपेला टँकर चावडीपाशीच थांबला. वस्तीतल्या बायका वाट बघून बघून नाल्याशी आल्या. नागनाथ पुढं गेला.

"बन्सीधरशेट, टँकर?"

"पाणी कमी यायलंय, नागनाथ. निम्मं केलंय वरनं. सायेब म्हणले, हद्दीतल्यांना आधी पुरवा, उरलं तर बघू." बन्सीधरनं नाल्यापलीकडच्या पांढऱ्या दगडाकडं हनुवटी केली. "दगडाच्या पलीकडं नेला तर मला जाब द्यावा लागतो. माझ्या हातात काय हाय?"

"पर पाटील म्हणले होते, आपलीच माणसं."

"मग? न्हाई कोण म्हणलं? आपलीच हायत. उरल्यावर दिऊ की."

उरलं नाही. पुढच्या खेपेलाही उरलं नाही. नागनाथ पाटलांच्या दारात गेला. पाटील ओसरीवर होते. त्यांनी त्याला खाली उभं ठेवूनच ऐकून घेतलं. समोर उंबऱ्याखाली मोजणीचा जुना दगड होता, त्यावरची रांगोळी ताजी होती.

"नागनाथ, सायबाच्या सहीपुढं मी काय करणार? शीव काय मी दाखवली?"

त्यांनी 'राव' कधी काढून घेतला, ते नागनाथला कळलंसुद्धा नाही.

तो घरी आला तेव्हा मालनबाई घरात नव्हती. भर उन्हात ती नाल्याच्या काठावर होती. तिनं पांढरा दगड हलवून सैल केला, उपटला, छातीशी धरला आणि वस्तीतून सगळ्यांदेखत टेकाडावर घेऊन गेली. तिथं ती बराच वेळ फिरली. मुरूम गुरांनी तुडवला होता, सगळीकडं सारखाच दिसत होता. शेवटी अंदाजानं एका जागी तिनं दगड ठेवला आणि रिकाम्या हातानं खाली आली.

सांज व्हायच्या आत, टँकर चावडीपुढं येऊन उभा राहिला तेव्हा, गाव नाल्याशी जमलं. या वेळी नायब तहसीलदार नव्हते, आणि त्यांची गरजही नव्हती. शीवेचा दगड हलवणं म्हणजे काय, हे गावाला कुणी शिकवायला नको होतं.

"कुणी हलवला?" पाटलांनी विचारलं.

मालनबाई पुढं सरकली. नागनाथनं तिच्या आधी तोंड उघडलं. "मी."

"मग तूच आण. आन हातात न्हाई. डोक्यावर."

नागनाथ टेकाडावर गेला. दगड जड होता. पंडित मदतीला धावला, तेव्हा बन्सीधर ओरडला, "एकट्यानंच! साक्षीला एकटाच चालला होता न्हवं?" गाव हसलं. नागनाथनं दगड एकट्यानं डोक्यावर घेतला आणि तो टेकाड उतरायला लागला. गावातली पोरं त्याच्या मागं ओळीनं चालू लागली, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ढेकूळ, प्रत्येकाचे ओठ घट्ट मिटलेले. एकाला हसू आलं की बाकीचे त्याच्या पाठीत गुद्दा घालत आणि तो खेळातून बाद होई.

"बोलत न्हाई बगा," कुणीतरी म्हणालं. "सवय हाय त्याला."

नाल्याच्या काठाशी नागनाथ थांबला. दगडाखाली त्याची मान थरथरत होती. तो मोठ्यानं बोलला, वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"शीव हितं न्हाई! शीव पळसावरनं जाती. मी खोटं चाललो. वस्ती गावात हाय, टेकाड गावात हाय, त्या लेकराची जागा गावात हाय."

गावाचं हसू थांबलं. पोरांचा खेळही थांबला. पाटलांनी दोन्ही हात मागं बांधले आणि शाळेत मुलाची चूक दाखवावी तसे ते हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आता डोक्यावर दगड हाय, नागन्या. ढेकूळ न्हाई. बिगर ढेकळाचं बोललेलं कुठं धरतेत का?"

पहिल्यांदा बन्सीधर हसला. मग सगळेच हसले. पोरं तर आडवी पडून हसली.

दगड पुन्हा त्याच जागी रोवला. पहिला चुना मातीनं मळला होता, म्हणून पाटलांनी नवा लावायला सांगितला. बन्सीधरनं टोपलीत चुन्याची कळी टाकली, टँकरपाशी गेला, आणि तांब्या काठोकाठ भरून आणला. वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पलीकडं उभ्या होत्या. त्यांच्यासमोर त्यानं ते पाणी कळीवर ओतलं. कळी फसफसली, वाफ वर आली, आणि नागनाथ त्या वाफेकडं बघत उभा राहिला.

"कमी पडलं," बन्सीधर म्हणाला, आणि आणखी एक तांब्या आणायला गेला.